मदत हवी आहे: सिगकाय की यूएक्सपीए?

घाईत_आहे
अ‍ॅप-वेबसाइट वापरायला सोप्या कशा करायच्या, यावर काम करणाऱ्यांच्या या दोन संघटना. एकाच मेंबरशिपचे पैसे ऑफिस देणार, आजच कळवायचंय. वजनदार कुठली? 'दोन्ही चांगल्या' नको प्लीज.

निरीक्षक
वजन कोणापुढे? संशोधन करता, डिझाइन करता की चाचण्या घेता? सिगकाय (१९८२) ही एसीएम या संगणकतज्ज्ञांच्या संघटनेची शाखा, मुख्यतः संशोधकांची. यूएक्सपीए प्रत्यक्ष काम करणाऱ्यांची. १९९१ला निघाली तेव्हा नावात युझॅबिलिटी (वापरसुलभता) होतं, २०१२ला बदललं.

कागदवाला
डोळे झाकून सिगकाय. त्यासाठी एसीएमची वेगळी मेंबरशिप लागत नाही, लोक उगाच दोन्हीकडे भरतात.

निरीक्षक
पेपरांसाठी म्हणत असाल तर एसीएमची लायब्ररी जानेवारी २०२६पासून सगळ्यांना खुली आहे. यूएक्सपीएचं जर्नलही फुकट. आता पैसे मोजायचे ते परिषदेतली सवलत आणि ओळखींसाठी.

घाईत_आहे
चाचण्या घेते: लोकांना अ‍ॅप वापरायला देऊन ते कुठे अडकतात ते बघते. पाचांत चार अडकले की '८० टक्के' लिहिते. क्लायंट म्हणतो, पाच जणांवरून ८० टक्के कसे काढले? नावापुढे काहीतरी हवं.

चौथी_खिडकी
अहो, हे आधी सांगायचं ना! पैसे भरून कोणालाही मिळणाऱ्या मेंबरशिपनं क्लायंट गप्प बसत नाही. यूएक्सक्यूबी ही या क्षेत्रातली प्रमाणपत्रं देणारी संस्था, तिच्या परीक्षा द्या: आधी सीपीयूएक्स-एफ (पायाभूत), मग सीपीयूएक्स-यूटी (चाचण्यांची). पहिलीत नुसते पर्यायी प्रश्न, दुसरीत चाचणी घेऊन अहवाल लिहावा लागतो. आयएसओ ९२४१ या वापरसुलभतेच्या आंतरराष्ट्रीय मानकातल्या व्याख्या पक्क्या करा.

कागदवाला
प्रमाणपत्रांचा धंदा.

गणिती
क्लायंटचं बरोबर आहे. पाचांत चार अडकले, तर ९५ टक्के विश्वासानं खरा आकडा २८ ते ९९ टक्क्यांत कुठेही असू शकतो. '५पैकी ४' इतकंच लिहा आणि पुढे नेमकं काय झालं ते: पत्त्याच्या फॉर्मवर 'पुढे' बटण कीबोर्डखाली दडलं, चौघांनी मागे जाऊन भरलेला पत्ता घालवला. असं वाचल्यावर टक्के कोणी मागत नाही.

चौथी_खिडकी
पण पाचांत ८५ टक्के अडचणी सापडतात ना?

गणिती
दर माणसामागे अडचण भेटण्याची शक्यता ३१ टक्के धरली तर. ती १० टक्के असेल तर पाचांत सापडायची शक्यता जेमतेम ४१.

सूसप्रेमी
सूस (सिस्टम युझॅबिलिटी स्केल) ही प्रश्नावली घ्या हो! दहा विधानं, प्रत्येकाला १ ते ५मधलं उत्तर, विषम क्रमांकाच्या उत्तरातून १ वजा, सम क्रमांकाचं ५मधून वजा, बेरीज गुणिले २.५. हे टक्के नव्हेत. ६८ म्हणजे सरासरी.

गणिती
पाच जणांचा सूस? पुन्हा तोच घोळ.

सूसप्रेमी
मग वीस जणांचा घ्या. एक्सेल शीट तयार आहे, कोणाला हवी?