मदत हवी आहे: दिवाळीचे फटाके, सोसायटीतली कुत्री-मांजरं आणि वडावरचे पक्षी

परसदार:
दिवाळीला तीन आठवडे उरलेत. सोसायटीत घरची पाच कुत्री, तीन मांजरं, पार्किंगमध्ये चार भटकी कुत्री. फाटकाजवळच्या वडावर रोज संध्याकाळी बगळे आणि साळुंक्या उतरतात. ‘फटाके पूर्ण बंद’ हा ठराव सभेत टिकणार नाही, मुलांचा सणही मोडायचा नाही. मग सभेपुढे नेमकं काय ठेवावं? ग्रीन फटाक्यांचा आग्रह पुरेल का? घाबरणाऱ्या कुत्र्याला औषध द्यायचं तर कधी?

शेपूटवाले:
ग्रीनवर विसंबू नका. नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेने विकसित केलेल्या या फटाक्यांत धूलिकण सुमारे ३० टक्के कमी असतात, आवाज मात्र ११० ते १२५ डेसिबलच्या घरात. कुत्र्याच्या कानाला हा दिलासा नाहीच.

ठराव वेळ आणि जागा यांवर करा. जनावरं आवाजाइतकीच त्याच्या अवचितपणाने खचतात. दिवसभर अधूनमधून फुटणारा सुतळी बॉम्ब हा ठरलेल्या एका तासाच्या आतषबाजीपेक्षा वाईट, कारण कुत्रं मधल्या वेळेतही सावरत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या आदेशात दिवाळीला रात्री ८ ते १० ही मुभा होती आणि माळांवर बंदी. त्यातला एकच तास ठरवा, मैदानाच्या टोकाला, वडापासून शक्य तितकं लांब. फुलबाजे, भुईचक्र, भुईनळे चालतील. बाण नकोत, ते झाडात शिरतात. खरी अडचण नरकचतुर्दशीच्या पहाटेची: अभ्यंगस्नानानंतरचे फटाके बरेचदा पाचलाच सुरू होतात. ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ आवाजाचे फटाके चालतच नाहीत. हे सभेत स्पष्ट वाचून दाखवा.

औषध पशुवैद्यच ठरवतील, पण भेट याच आठवड्यात घ्या. ट्रॅझोडोन किंवा गॅबापेन्टिनबद्दल विचारा. पहिला डोस शांत दिवशी देऊन बघायचा, कारण काही कुत्री उलट जास्त अस्वस्थ होतात. फटाक्यांच्या दीड-दोन तास आधी द्यायचं. एकदा थरथर सुरू झाली की परिणाम कमी होतो. पहाटेसाठी वेगळा डोस लागेल का, तेही तेव्हाच विचारा. नुसतं ॲसप्रोमाझिन हे गुंगीचं औषध नको: अंग ढिलं पडतं, भीती तशीच राहते. माणसांच्या झोपेच्या गोळ्या तर अजिबात नाहीत.

परसदार:
आवाजाची सवय लावता येईल?

शेपूटवाले:
तीन आठवड्यांत थोडी. फटाक्यांचं रेकॉर्डिंग कान जेमतेम टवकारतील इतक्या हळू आवाजात, पाच मिनिटं, दिवसातून दोनदा, सोबत उकडलेल्या चिकनचे तुकडे. कुत्रा धापा टाकू लागला तर आवाज लगेच खाली. मोबाइलच्या स्पीकरवर बॉम्बचा दणका येतच नाही, म्हणून मोठा स्पीकर घ्या. शेवटच्या चार दिवसांत हे थांबवा.

जवळ घेतलं तर भित्रा होतो हा गैरसमज आहे. तो बिलगला तर खुशाल कुरवाळा. पलंगाखालून मात्र ओढून काढू नका, मांजराला तर मुळीच नाही. तिथेच पाणी आणि मातीचा ट्रे सरकवा.

निंबोणी:
भटक्यांबद्दल थोडं. जेवण सहाच्या आत घाला. तळघराचं पार्किंग आणि जिन्याखालची जागा रात्रभर उघडी ठेवा, कुत्र्यांना हाकलू नका असं वॉचमनला आधीच सांगा. बांधून ठेवू नका, सुटायच्या धडपडीत गळफास बसतो. सकाळी गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर थाप मारा, खाली डोकवा. घरच्यांचं फिरणंही उजेडातच उरका, आणि पट्ट्यासोबत हार्नेस लावा. दचकलेलं कुत्रं नुसत्या पट्ट्यातून मान काढून पळतं.

भाजलं तर साधं वाहतं पाणी २० मिनिटं. बर्फ, हळद, टूथपेस्ट काही नाही. ओलं स्वच्छ फडकं ठेवून दवाखाना गाठा. जनावराला मुद्दाम जखमी करून अपंग करणं हा भारतीय न्यायसंहितेच्या कलम ३२५ खाली गुन्हा आहे, ते नोटिशीत छापा.

आणि झाडूवाल्यांना दुसऱ्या दिवशी नेहमीपेक्षा लवकर बोलवा. न उडालेल्या फटाक्यांची दारू आणि कागद चघळून कुत्री-गाई आजारी पडतात. त्यावर आदल्या रात्रीच पाणी ओता, मग तो भिजलेला कचरा वेगळ्या पोत्यात भरा. कुत्र्याने खाल्लंच तर घरी उलटी करवू नका, उरलेला तुकडा सोबत घेऊन पशुवैद्याकडे जा.