डोपिंगच्या बंदीत असताना बालगृहात नोकरी: काय सांभाळायचं?

कळवेकर: ओळखीतला एक वेटलिफ्टर. चाचणीत स्टॅनोझोलॉल (बंदी असलेलं स्टिरॉइड) सापडलं, ४ वर्षांची बंदी, २ बाकी. ठाण्यातल्या एका बालगृहात काळजीवाहक म्हणून लागतोय. अधीक्षक म्हणतात, मुलांचा व्यायामही घे. चालेल का? पोलीस पडताळणीत बंदी निघेल?

घोडबंदर_रोड: पडताळणीत नाही निघणार. खेळाडूने उत्तेजक घेणं हा आपल्याकडे फौजदारी गुन्हा नाही. पण नाडा (देशातली उत्तेजकविरोधी संस्था) नावं जाहीर करते, गुगलवर लगेच सापडतं. आधीच सांगून टाकलेलं बरं.
आवारात सूर्यनमस्कार, लंगडी, कबड्डी खुशाल. क्रीडा संघटनेच्या किंवा तिच्याशी संलग्न क्लबच्या स्पर्धेत कोच म्हणून जायचं नाही, बिनपगारीसुद्धा नाही. वाडा (जागतिक उत्तेजकविरोधी संस्था) संहितेचं कलम १०.१४ आहे. मोडलं तर मूळ बंदीइतकी नवी बंदी शेवटी जोडतात. चूक किती ते बघून कमी-जास्त होते, पण त्या भरवशावर राहू नये.

नेरुळ_समाजकार्य: नियम पाळेल हो तो. अडतं ते कोचिंगच्या सवयीत. मूल उशिरा उठलं की "काढ पन्नास उठाबशा". खेळाडूला यात काही वावगंच वाटत नाही, पण बाल न्याय कायद्याच्या कलम ८२ प्रमाणे ही शारीरिक शिक्षा धरली जाऊ शकते. पहिल्यांदा दोषी ठरला तरी १०,००० रुपये दंड, वर नोकरी जाऊ शकते आणि मुलांसोबतचं काम बंदच होतं.
मारामारी झाली तर आधी दुसऱ्या कर्मचाऱ्याला हाक मारायची, मग दोघांना वेगळ्या खोलीत न्यायचं. एकट्याने पकडून ठेवायचं नाही. त्याची पकड साध्या माणसाची नाही, वळ उठतात. नोंदवहीत त्याच पाळीत लिहायचं: वेळ, कोण हजर, काय घडलं. "मुलगा हट्टी आहे" नको. "८ वाजता ताट फेकलं" असं.
आणि इन्स्टाग्रामवर मुलांसोबत फोटो अजिबात नाही. त्याच कायद्याचं कलम ७४: ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

वाशीची_ताई: प्रोटीनचा डबा संस्थेत नेऊ नये, पोरं मागतातच. मूल लैंगिक अत्याचाराबद्दल बोलू लागलं तर "कोणाला सांगणार नाही" असा शब्द देऊ नये. पोक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवावंच लागतं.

कळवेकर: अधीक्षकांनी जिल्हा स्पर्धेला जायला सांगितलं तर?

घोडबंदर_रोड: रुजू होतानाच लेखी द्यायचं की बंदी संपेपर्यंत संघासोबत दुसरा कर्मचारी जाईल. आवक क्रमांक टाकलेली प्रत स्वतःकडे ठेवायची.