'न्याय करू नका' म्हणजे नेमकं काय करू नका?

खोडरबर:
एका लेखाचं भाषांतर हातात आहे. विषय असा की बायबलमधली हमखास चुकीची वाचली जाणारी वचनं आणि त्यापायी चर्चमध्ये झालेले घोळ. पहिल्याच वचनाला अडकलोय. मत्तय ७:१. इंग्रजीत 'जज' हे एकच क्रियापद आणि लेखातली दोन पानं त्यावर उभी. मी लिहिलं, 'कोणाचा न्याय करू नका'. बायकोला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "का बरं? न्याय केला तर बिघडलं काय? अन्याय करू नका म्हणायचंय का?" तेव्हापासून मलाही ते तसंच ऐकू येतंय. मराठीत न्याय करणं ही चांगलीच गोष्ट आहे. नट भूमिकेला न्याय देतो, आणि आपण म्हणतो 'देवा, न्याय कर'. छापील मराठी बायबलांत दोन्ही सापडतं; एकात 'दोष काढू नका', दुसऱ्यात 'न्याय करू नका'. मूळ ग्रीक क्रियापद 'क्रिनो'. काय घेऊ? परवा द्यायचंय.

अनुस्वार:
'दोष काढू नका' घ्या आणि झोपा. 'न्याय करू नका' हे इंग्रजीचं उष्टं आहे. हल्लीची पोरं 'मला जज करू नकोस' म्हणतात, त्याला सोवळं नेसवलं की हे वाक्य तयार होतं. त्याहून मराठमोळं हवं असेल तर 'नावं ठेवू नका'. कसं खणखणीत आहे!

शंकासुर:
खणखणीत आहे, पण वाक्याच्या दुसऱ्या अर्ध्याचं काय करणार? 'नाहीतर तुम्हालाही नावं ठेवली जातील.' कोण ठेवणार? मुळात तिथे मुद्दाम कर्मणी प्रयोग आहे, कर्ता सांगितलेला नाही, आणि ऐकणाऱ्याला कळतं की तो देव आहे. नावं ठेवणं हा रिकामटेकड्यांचा उद्योग. देव कशाला नावं ठेवत बसेल?

'क्रिनो'चा मूळ अर्थ वेगळं काढणं, निवडणं. त्यावरून ठरवणं, त्यावरून निकाल देणं. 'क्रायसिस' आणि 'क्रिटिक' त्याच घरातले. आता मराठीत बघा: निवडणे, निवाड, निवाडा. सुपातले खडे वेगळे काढणारं क्रियापद आणि कज्जाचा निकाल एकाच मुळातून आलेत. ग्रीकमध्ये जे झालं तेच आपल्याकडे झालंय. म्हणून 'निवाडा करत बसू नका'.

खोडरबर:
हे फारच आवडलं. पण 'निवाडा' आज कोण बोलतं?

अनुस्वार:
न बोलून बोलून शब्द मरतात, म्हणून तर बोलायचा.

जुनी वही:
मला व्युत्पत्ती कळत नाही, पण हे वचन माझ्यावर वापरलं गेलंय म्हणून लिहिते. मी एका मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, हिशेब विचारला होता. जमा झालेल्या निधीचा, साधाच प्रश्न. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या 'वडिलां'पैकी एकजण उभे राहिले, मत्तय सातवा काढला, 'न्याय करू नका' एवढं वाचलं आणि पुस्तक मिटलं. मिटताना मध्ये बोट ठेवलं होतं, जणू पुढचं वाचणार आहेत, पण ते बोटही काढून घेतलं. माझ्या मांडीवर तोच अध्याय उघडा होता. पाचव्या वचनात स्पष्ट आहे की आधी स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ काढ, म्हणजे भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढायला तुला नीट दिसेल. म्हणजे काढायचं आहेच! फक्त क्रम सांगितलाय. आणि सहाव्यात डुकरांपुढे मोती टाकू नका. डुक्कर कोण हे ठरवल्याशिवाय ते कसं पाळणार? पण मी गप्प बसले. त्यानंतर तिथे हिशेब कोणी विचारला नाही.

'दोष काढू नका' असं छापलेलं पुस्तक त्यांच्या हातात असतं, तर मला तोंड बंद करायला सांगणं आणखी सोपं गेलं असतं. हिशेब विचारणं म्हणजे दोष काढणंच की.

शंकासुर:
हा मुद्दा शब्दकोशात सापडणार नाही. खोडरबर, ऐका. योहान ७:२४ मध्ये येशूच म्हणतो की वरवरचं पाहून निवाडा करू नका, योग्य निवाडा करा. क्रियापद तेच, 'क्रिनो'. मत्तयात 'दोष काढू नका' घेतलंत तर योहानात 'योग्य दोष काढा' म्हणणार का? दोन्हीकडे एकच शब्द राहिला तरच वाचणाऱ्याला विरोधाभास दिसेल, आणि दिसला तर तो विचार करेल.

खोडरबर:
लेखात नेमका हाच मुद्दा आहे. एकट्या वचनाने चर्चमध्ये तक्रारी दाबल्या जातात. जोडीला स्तोत्र १०५:१५, 'माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका'. ते पाळकांची ढाल म्हणून वापरतात. तिथे विषय अब्राहाम, इसहाक, याकोब यांचा आहे, परक्या मुलखात भटकताना राजांपासून त्यांचं रक्षण झालं त्याचा. पाळकांचे हिशेब त्यात कुठून आले?

पाटीपेन्सिल:
कुसळाचा विषय निघालाच आहे तर, 'दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही' ही म्हण बायबलमधून मराठीत आली ना? आमच्या आजीच्या तोंडी रोज असायची आणि आजीचा बायबलशी काडीचा संबंध नव्हता.

अनुस्वार:
छे! अस्सल देशी आहे. कुसळ-मुसळ हे यमकच सांगतं. ग्रीकमध्ये 'कार्फोस' आणि 'दोकोस', म्हणजे काडी आणि तुळई. भाषांतरकाराने काडीला काडी आणि तुळईला तुळई म्हटलं असतं. घरात तयार म्हण होती, ती त्याने उचलली.

शंकासुर:
किंवा भाषांतरकाराला यमक सुचलं आणि ते लोकांत गेलं. मत्तयाचं शुभवर्तमान मिशनरी विल्यम कॅरीच्या छापखान्यातून १८०५ मध्ये मराठीत आलं, सबंध नवा करार १८११ मध्ये. दोनशे वर्षं म्हण रुजायला पुष्कळ झाली. अर्थात कल्पना आपल्याकडे आधीपासून होती हे मान्य. महाभारतात शकुंतला दुष्यंताला सुनावते की दुसऱ्याचे मोहरीएवढे दोष दिसतात आणि स्वतःचे बेलफळाएवढे दिसूनही दिसत नाहीत. पण तिथे मोहरी आणि बेल आहेत. डोळा कुठे आहे?

पाटीपेन्सिल:
म्हणजे आजी नकळत मत्तय सांगत होती किंवा मत्तयाचा मराठी भाषांतरकार नकळत माझी आजी सांगत होता. मला दुसरं जास्त आवडलं.

काळी शाई:
कुसळ 'कुश' वरून. दर्भाचं टोक. 'कुशाग्र बुद्धी'तला कुश. म्हणून डोळ्यात टोचतं.

अनुस्वार:
कानाला गोड वाटतं म्हणून व्युत्पत्ती खरी ठरत नाही, काळी शाई. तसं म्हटलं तर 'कुशल' माणूसही डोळ्यात टोचायला हवा.

काळी शाई:
टोचतोच.

खोडरबर:
मंडळी, 'क्रिनो'.

पाटीपेन्सिल:
'मंडळी' म्हणालात म्हणून आठवलं. 'ह्या खडकावर मी आपली मंडळी रचीन' हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी लहान होतो आणि वडील आईला 'आमची मंडळी' म्हणत. मला वाटलं येशूने खडकावर बायको बसवली. हसू नका. ग्रीक 'एक्लेसिया' म्हणजे बोलावून जमलेले लोक, म्हणून शब्द बरोबरच आहे, 'चर्च'पेक्षा बरोबर. बायबलचा भाषांतरकार टिंडल याने १५२६ मध्ये इंग्रजीत जमाव या अर्थाचा शब्द घातला तेव्हा केवढा गहजब झाला, कारण 'चर्च' गेलं की अधिकारपद जातं. आपल्याकडे तो लढा न लढताच जिंकला गेला आणि कुणाला पत्ताही नाही.

जुनी वही:
जिंकला कुठला? नाव मंडळीचं आणि निर्णय चौघांचा.

खोडरबर:
लेखातला दुसरा शब्द टाकतो, बहुतेक पहिल्याचं आता काही होत नाही. ग्रीक 'मेटानोया'. आपल्याकडे 'पश्चाताप करा, कारण स्वर्गाचे राज्य जवळ आले आहे'. लेखकाचं म्हणणं की मूळ अर्थ मन पालटणं, विचारांची दिशा बदलणं. रडणं-कुढणं नव्हे. लॅटिन बायबलने त्याचं 'प्रायश्चित्त करा' असं वाचता येणारं भाषांतर केलं, त्यावर सगळी प्रायश्चित्ताची व्यवस्था उभी राहिली. इरॅस्मसने 'शुद्धीवर या' अशा अर्थाचा लॅटिन शब्द सुचवला. आणि धर्मसुधारक ल्यूथरच्या १५१७ मधल्या ९५ मुद्द्यांतला पहिलाच याच शब्दावर आहे, की येशूला माणसाचं सबंध आयुष्य असं असायला हवं होतं. दुसऱ्या मुद्द्यात तो म्हणतो, याचा अर्थ पाळकापुढचा संस्कारविधी असा घेता येत नाही. एका शब्दाने चर्च दुभंगलं म्हणणं अतिशयोक्ती होईल, पण ठिणगीत हा शब्द होता.

अनुस्वार:
पश्चात्ताप. दोन त. पश्चात् अधिक ताप.

खोडरबर:
घाईत राहिला एक त.

अनुस्वार:
घाईत राहतो, मग सवयीने राहतो, मग कोशात येतो. आणि अर्थही त्या त मध्येच आहे. मागाहून होणारा ताप. म्हणजे मराठी शब्दातच जळणं आहे, पालटणं नाहीच. हवं असेल तर संतांचा 'अनुताप' घ्या.

शंकासुर:
त्यातही तापच आहे. 'अनु' लावला म्हणून थंड होत नाही.

काळी शाई:
'मतपरिवर्तन'?

शंकासुर:
निवडणुकीचा वास येतो. 'मनपालट' म्हणा. किंवा हिब्रूच्या वाटेने जा. संदेष्टे 'शूव' म्हणतात, म्हणजे मागे फिर. येशू जी बोली बोलत होता तिच्या पाठीमागे हाच विचार असणार. 'फिरा, स्वर्गाचं राज्य जवळ आलंय.' वाटेवर चालणाऱ्या माणसाला हाक मारल्यासारखं.

जुनी वही:
'फिरा' छान आहे. रविवारच्या शाळेत आम्हाला पश्चात्ताप म्हणजे डोळ्यात पाणी यायलाच हवं असं शिकवलं होतं. मला यायचं नाही. मी डोळे चोळून लाल करायचे. आणि ज्यांच्या डोळ्यात पाणी यायचं ते पुढच्या रविवारी तेच करून यायचे.

पाटीपेन्सिल:
रविवारच्या शाळेवरून छडी. नीतिसूत्रे १३:२४, जो छडी आवरतो तो मुलाचा वैरी. मी कुठेतरी वाचलं की तिथला हिब्रू शब्द 'शेवेत' म्हणजे मेंढपाळाची काठी, मारायची नव्हे, वळवायची. स्तोत्र २३ मधली 'तुझी आकडी व तुझी काठी मला धीर देतात' तीच. म्हणजे मारण्याचा अर्थच चूक. या एका वचनावर किती पोरांनी वळ सोसले!

शंकासुर:
वळ सोसले हे खरं. शब्द तोच हेही खरं. 'शेवेत' म्हणजे काठी, राजदंड, आणि वंश किंवा कूळसुद्धा. पण नीतिसूत्रे २३:१३ उघडा. तिथे काठीने मारण्याचं सरळ क्रियापद आहे. गोड अर्थ हवा म्हणून शब्दकोशातला सोयीचा अर्थ उचलायचा, हेही चुकीचं वाचणंच झालं. मारू नये असं मलाही वाटतं. त्यासाठी हिब्रूची साक्ष काढायची गरज नाही.

पाटीपेन्सिल:
हिरमोड केलात. मी हे तीन ठिकाणी सांगून झालोय.

अनुस्वार:
कोशाच्या भरवशावर धर्म बदलू नये आणि धर्माच्या भरवशावर कोश.

जुनी वही:
आणि इफिस ५:२२? 'पत्नींनो, पतीच्या अधीन असा.' सर्वांत जुन्या काही हस्तलिखितांत त्या वाक्यात क्रियापदच नाही. ते आधीच्या, एकविसाव्या वचनातून घ्यावं लागतं, आणि तिथे आहे 'एकमेकांच्या अधीन असा'. बऱ्याच छापील प्रतींत नेमका या दोघांच्या मध्ये मथळा टाकतात. वाक्य मधून कापलं की वरचं 'एकमेकांच्या' वरच राहतं. मार खाऊन आलेल्या बाईला हे खालचं अर्धं वाक्य सांगून परत पाठवलेलं मी बघितलंय. इथे शब्द चुकलेला नाही, खोडरबर. मथळा चुकलाय. हे तुमच्या लेखात आहे का?

खोडरबर:
नाही. घालता येईल का विचारतो. लेखात आहे मार्क १६ चा शेवट, विश्वास ठेवणारे साप उचलतील असं सांगणारा. सिनाइटिकस आणि व्हॅटिकनस या बायबलच्या चौथ्या शतकातल्या हस्तलिखित प्रतींत ती वचनं नाहीत. अमेरिकेत त्यावरून साप हाताळणारी चर्चेस निघाली. त्या पंथाचा म्होरक्या जॉर्ज हेन्सली १९५५ मध्ये सर्पदंशानेच गेला.

काळी शाई:
यशया ७:१४ पण घाला, येशू कुमारीपोटी जन्मेल याचं भाकीत मानतात ते. तिथला हिब्रू शब्द 'अल्मा' म्हणजे तरुण मुलगी की कुमारिका. १९५२ च्या इंग्रजी आवृत्तीने 'तरुण स्त्री' छापलं तर नॉर्थ कॅरोलायनातल्या एका पाळकाने ते पान जाहीरपणे जाळलं. आपल्याकडे 'कुमारी' हा एकच शब्द दोन्ही पक्षांना पुरतो. मराठीने आगपेटी वाचवली.

शंकासुर:
वाचवली की प्रश्न लपवला?

अनुस्वार:
मी अजून मुसळावरच आहे. 'दोकोस' म्हणजे तुळई. मुसळ डोळ्यात जाईल अशी कल्पना तरी करता येते, तुळई करता येत नाही, आणि गंमत तिथेच आहे. मुसळ घालून भाषांतरकाराने विनोद लहान केला.

पाटीपेन्सिल:
तुमच्या डोळ्यात मुसळ जातं?

अनुस्वार:
तत्त्वतः.

खोडरबर:
उद्या सकाळी द्यायचंय. कोणी एकाने सांगा, निवाडा, न्याय की दोष? तूर्तास तिन्ही ठेवलेत, तिरक्या रेघा मारून.

अनुस्वार:
'तूर्त'. त्याला 'आस' लावायची गरज नाही.