‘सुक्याबरोबर ओलंही जळतं’ आणि ‘आनुषंगिक हानी’

प्रश्न :
बगदादमधल्या अमिरिया निवाऱ्यावर १३ फेब्रुवारी १९९१ च्या पहाटे अमेरिकेने केलेल्या हवाई हल्ल्यावरचा एक लेख मराठीत आणतोय. तीन शब्दांपाशी गाडी अडली आहे. लढाईत नसलेली माणसं मेली की वर्तमानपत्रं ‘आनुषंगिक हानी’ (कोलॅटरल डॅमेज) लिहितात. आई म्हणाली, “त्यापेक्षा सरळ लिही की, सुक्याबरोबर ओलंही जळतं.” चालेल का? शिवाय ‘प्रमाणबद्धता’ (प्रपोर्शनॅलिटी) आणि ‘नागरिक’ हे दोन्ही शब्द खटकतात.

उत्तर :
आईंची म्हण झकास आहे, पण ती कायद्याच्या उलट बोलते. विस्तवाला ओलं-सुकं कळत नाही, तेव्हा जळणारच, असं म्हणीचं म्हणणं. युद्धात कसं वागायचं याचे नियम घालणाऱ्या जिनिव्हा करारांना १९७७ साली जोडलेला पहिला प्रोटोकॉल म्हणतो की काडी ओढण्याआधीच ओलं किती जळेल याचा अदमास घ्या, आणि सुक्याच्या मानाने ते फार असेल तर काडी ओढू नका. म्हणजे म्हण जिथे खांदे उडवते, तिथेच कायद्याचं काम सुरू होतं. लेखात कोणा अधिकाऱ्याचा सूर दाखवायचा असेल तर म्हण खुशाल वापरा. तुमच्या स्वतःच्या वाक्यात मात्र नको.

‘आनुषंगिक’ हा मुळात बिलातला शब्द. ‘आनुषंगिक खर्च रु. ४५०’ असं लिहून आपण सही करतो. आणि ‘हानी’त माणूस नि भिंत एकाच रकान्यात जातात. प्रोटोकॉलच्या ५१व्या कलमात मृत्यू, इजा आणि मालमत्तेचं नुकसान अशी वेगळी नोंद आहे. तुम्हीही तसंच उलगडून लिहा. चार शब्द जास्त लागले तर लागले.

‘प्रमाणबद्ध’ मूर्ती असते, फार तर बांधा. इथे प्रश्न आहे अपेक्षित नागरी नुकसान आणि अपेक्षित ‘ठोस व थेट’ लष्करी फायदा यांच्या तुलनेचा. पुष्कळांना वाटतं, त्यांनी आमचे दहा मारले म्हणून आम्ही त्यांचे दहाच मारायचे, हे प्रमाण. ते साफ चूक आहे. तुलना दोन बाजूंच्या मृतांची नसते. ती एकाच हल्ल्याच्या दोन परिणामांची असते, आणि हल्ल्याआधी करायची असते. मला इथे ‘तारतम्य’ हा शब्द फार आवडतो. ‘तर’ आणि ‘तम’, म्हणजे कमी-जास्त पारखणं.

आणखी एक :
तारतम्य छान आहे, पण धोक्याचं. आपल्याकडे ‘तारतम्याने घ्या’ म्हणजे ‘तुमचं तुम्ही बघा’. इथे तर बंधन आहे. मथळ्यात ‘प्रमाणाचं तत्त्व’ ठेवा नि समजावताना तारतम्य आणा.

‘नागरिक’बद्दल तुमची शंका रास्त आहे. मराठीत हा एकच शब्द दोन जागी राबतो. पासपोर्टवाला तो नागरिक, आणि सैन्यात नसलेला तोही नागरिक. सैनिकही देशाचा नागरिक असतोच. उलट बॉम्ब पडला त्या शहरात कामाला आलेला परदेशी मजूर तिथला नागरिक नसतो, पण संरक्षण त्यालाही तितकंच. ‘मुलकी’ हा जुना शब्द लष्करीच्या समोर चपखल बसायचा, पण आता तो महसूल खात्यात अडकला. ‘रयत’ म्हटलं की कोणाची तरी रयत आली. ‘बिगरलष्करी माणसं’ रुक्ष आहे, पण घोटाळा करत नाही. पहिल्यांदा तेच लिहा, पुढे ‘नागरिक’ चालेल.

फक्त ‘निष्पाप नागरिक’ लिहू नका, हात जोडून सांगतो. बातमीदारांच्या बोटांना ती सवयच लागली आहे. कायदा पाप-पुण्य विचारत नाही. तो माणूस त्या वेळी लढाईत थेट भाग घेतोय का, एवढंच विचारतो. शंका असेल तर नागरिक धरायचं, असं ५०व्या कलमात आहे. निष्पाप म्हटलं की जो तेवढा निष्पाप नाही त्याचं काय, हा प्रश्न आपणच दारात आणून ठेवतो.

तिसरे :
‘अंदाधुंद बॉम्बफेक’ आणि ‘सरसकट बॉम्बफेक’ यांतही फरक करा. अंदाधुंद म्हणजे नेमच नाही. १९४५ च्या फेब्रुवारीत जर्मनीतल्या ड्रेस्डेनवर झाली ती आखून, नकाशे पाहून केलेली, म्हणून सरसकट. शहरात विखुरलेली वेगवेगळी लक्ष्यं मिळून एकच लक्ष्य मानायला ५१व्या कलमाची बंदी आहे. कायद्याच्या लेखी तोही अंदाधुंद हल्लाच. कर्जमाफीतला ‘सरसकट’ इथे असा कामाला येईल असं वाटलं नव्हतं! (आणि हिंदीवरून पाहत असाल तर सांभाळा. त्यांचा ‘युद्धबंदी’ म्हणजे आपला युद्धकैदी.)

प्रश्नकर्ता :
सगळ्यांचे आभार. आता ‘अचूक’वर अडलोय. अमिरियाला लेझरने नेम धरलेले दोन बॉम्ब पडले. पहिल्याने छत फोडलं, दुसरा त्याच भोकातून आत गेला. चारशेहून जास्त माणसं गेली, बहुतेक बायका-मुलं. अमेरिकेचं म्हणणं, ते लष्करी नियंत्रण केंद्र होतं. याला अचूक म्हणू?

पहिले उत्तरकर्ते :
नका म्हणू. ‘अचूक’मध्ये ‘चूक नाही’ हे बसलेलंच आहे. नेम चुकला नाही, पण निशाणच चुकीचं निवडलं, असं लिहा.

आणि इराण-इराक युद्धापासून ती जागा निवारा म्हणून माहीत असताना, आता ती लष्करी लक्ष्य मानतो अशी ‘पूर्वसूचना’ दिली नव्हती, हे लिहाल तेव्हा ‘इशारा’ शब्द टाळा. मराठीत इशारा आंदोलनाचा असतो, नाहीतर धमकीचा. ५७व्या कलमाला लोकांना निघून जाता येईल अशी खबर हवी आहे.

प्रश्नकर्ता :
आईला वाचून दाखवलं. १९७१ मध्ये मुंबईत तिच्या घराच्या काचांना काळे कागद होते. म्हणाली, “पूर्वसूचना कसली, आम्ही भोंगा म्हणायचो. भोंगा झाला की जिन्याखाली.”

लेखात भोंगा घालतोय.