मदत हवी आहे : प्रकाशकाकडे हस्तलिखित पाठवण्याआधी टोपणनाव बदलावं का?

नमस्कार मंडळी,

कादंबरी लिहून झाली आहे. शेवटचा हात फिरवला की दोन-तीन प्रकाशकांकडे पाठवणार आहे. घोडं अडलंय ते नावापाशी.

मी बरीच वर्षं एका टोपणनावाने कविता आणि थोड्या कथा लिहिते. मासिकांत छापून आल्या, चार वाचक ओळखतात. ते नाव कवितेला शोभेलसं घेतलेलं, फुलापानांचं. कादंबरी मात्र खुनाच्या तपासाची आहे. मुखपृष्ठावर प्रेत आणि खाली ते नाव, हे डोळ्यांसमोर आणलं की माझं मलाच हसू येतं. शिवाय हल्ली त्याच नावाने आणखी एक बाई ललित लिहू लागल्या आहेत आणि शोध घेतला की आधी त्याच दिसतात. त्यांच्यावर राग नाही, नाव काही मी विकत घेतलेलं नव्हतं.

खरं नाव द्यायचं नाही, हे नक्की. कादंबरीत एक सासू आहे, एवढं सांगितलं तरी पुरे.

तर नवं नाव घेतलं, तर सोबतच्या पत्रात जुन्याचा उल्लेख करायचा का? नाही केला तर मी अगदीच नवखी ठरते. दुसरं म्हणजे, कादंबरीतलं एक प्रकरण जुन्या नावाने कथा म्हणून छापून आलेलं आहे, त्याचं काय? आणि करार कुठल्या नावाने होतो? जाणकारांनी कृपया सांगावं.

शाईचा डाग :

बदला बिनधास्त. एका माणसाची दोन-तीन नावं ही आपल्याकडे जुनीच रीत. गडकरी कवितेत गोविंदाग्रज, विनोदात बाळकराम आणि नाटकांवर राम गणेश गडकरी. खानोलकरांनी कविता आरती प्रभू म्हणून लिहिली, कथा-कादंबऱ्या-नाटकं स्वतःच्या नावाने. तेव्हा जुनं नाव मोडीत काढायची गरजच नाही. कविता तिथे राहू दे, तपासकथा नव्या नावाने येऊ दे.

मुद्रितवाचक :

काही वर्षं संपादनाच्या कामात आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

वाचकापासून नाव लपवणं वेगळं आणि प्रकाशकापासून लपवणं वेगळं. पहिलं खुशाल करा, दुसरं करू नका. करार कायदेशीर नावाने होतो, मानधनही त्याच नावाच्या खात्यात जातं. 'पुस्तकावर अमुक नाव छापलं जाईल आणि खरं नाव लेखी परवानगीशिवाय उघड करणार नाही' हे कलम करारात घालून घ्या. जाहिरात, लेखक-परिचय, फोटो यांचाही त्यात उल्लेख हवा. बहुतेक जण फोटो विसरतात.

पत्रात सरळ लिहा : 'याआधी अमुक नावाने कथा-कविता प्रसिद्ध, ही कादंबरी तमुक नावाने प्रसिद्ध व्हावी अशी इच्छा.' झालं. कारणमीमांसा नको. जुनं नाव नव्याला थोडंफार वजन देतं, ते फुकट का घालवा? डोरिस लेसिंग या नावाजलेल्या ब्रिटिश कादंबरीकर्तीने १९८०च्या दशकात जेन सोमर्स या नावाने कादंबरी पाठवली, तेव्हा तिच्या नेहमीच्या ब्रिटिश प्रकाशकानेच ती नाकारली होती. तिला प्रयोगच करायचा होता, आपल्याला नाही.

छापून आलेल्या प्रकरणाबद्दल मात्र आधीच सांगा. मासिकाला तुम्ही फक्त एकदा छापायची परवानगी दिली होती की सगळे हक्क, ते जुन्या पत्रव्यवहारात पाहा. हक्क तुमच्याकडेच असतील तर पुस्तकात 'पूर्वप्रसिद्धी' म्हणून एक ओळ येते. ती ओळ वाचून एखादा चिकट वाचक दोन्ही नावं जोडू शकतो. ते चालणार नसेल तर प्रकरण नव्याने लिहा, पण प्रकाशकाला तरीही सांगाच. नाहीतर उद्या कोणीतरी चोरीचा आरोप करेल आणि चोरही तुम्ही, मालकही तुम्ही!

दुसरी आवृत्ती :

वरच्या प्रतिसादात एकच भर. कॉपीराइटची मुदत नावावर अवलंबून असते. बर्न करार या कॉपीराइटविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार लेखकाची ओळख उघड असेल तर मृत्यूनंतर किमान ५० वर्षं संरक्षण मिळतं. टोपणनावामागचा माणूस गुप्तच राहिला तर ही ५० वर्षं प्रकाशनापासून मोजली जातात. भारतात हाच आकडा ६० आहे. मुदतीच्या आत ओळख उघड केली तर पुन्हा मृत्यूनंतरचा हिशेब लागू होतो. त्यामुळे हस्तलिखितांचे जुने मसुदे, तारखांसकट मेल, करार हे सगळं नीट जपून ठेवा. वारसांपैकी एकाला तरी माहीत असू द्या. (सासूबाईंना नको.)

आणि नवं नाव ठरवताना ग्रंथालयांच्या सूचीत शोधून पाहा. आडनाव असलेलं नाव घ्या, नुसतं एकशब्दी नाव पुन्हा कोणाशी तरी धडकेल. रोमन लिपीत ते कसं लिहायचं तेही आत्ताच ठरवा. एका नावाची तीन स्पेलिंगं झाली की ऑनलाइन दुकानात तुम्ही तीन लेखिका होता.

धागाकर्ती :

सगळ्यांचे आभार. फोटोचं खरंच डोक्यात नव्हतं. कथा छापणाऱ्या मासिकाचा मेल सापडला, परवानगी एकाच अंकापुरती होती. प्रकरण आहे तसंच ठेवते आणि पत्रात दोन्ही नावं देते. आता एकच विचारते : पहिल्या पानावर नवं नाव घालून पाठवायचं की खरं?

मुद्रितवाचक :

पहिल्या पानावर शीर्षकाखाली नवं. खरं नाव, पत्ता, फोन फक्त पत्रात. हस्तलिखित वाचायला बाहेरच्या माणसांकडेही जातं, पत्र सहसा कचेरीतच राहतं. फाइलच्या नावात आणि गुणधर्मांतही खरं नाव राहिलं नाही ना, ते पाठवण्याआधी तपासा.