मदत हवी आहे: काँट्रिब्युटर लिस्टची स्क्रिप्ट कोणी बघून देईल का?

आमच्या ओपन सोर्स प्रोजेक्टची ऑथर्स फाइल (योगदान देणाऱ्यांची यादी) एक छोटी बॅश स्क्रिप्ट बनवते, गिट शॉर्टलॉगमधून (कोणी कोणते कमिट, म्हणजे नोंदवलेले बदल, केले याची यादी) नावं काढायची, सॉर्ट करायची आणि फाइल नव्याने लिहायची, बास. मेलमॅप (एकाच माणसाचे वेगवेगळे ईमेल एका नावाशी जोडणारी फाइल) टाकल्यापासून एकच माणूस ऑफिसच्या आणि घरच्या ईमेलने दोनदा यायचा थांबला. को-ऑथर्ड-बाय मधली (कमिट मेसेजच्या शेवटी सहलेखकाची जी ओळ, म्हणजे ट्रेलर, असते त्यातली) नावं मात्र सुटतात, त्यासाठी गिट 2.29 पासूनचा ग्रुप ऑप्शन ऑथर आणि ट्रेलर दोन्हीसाठी लावणार आहे.

खरा प्रश्न वेगळाच आहे, ज्यांनी भाषांतरं केली, बग शोधून दिले त्यांचा एकही कमिट नाही, त्यांची नावं हाताने घातली की पुढच्या रनला उडतात, आणि हे मला अजिबात पटत नाही! वेगळी फाइल ठेवून शेवटी जोडू की त्याच फाइलमध्ये एक खुणेची ओळ (मार्कर) घालून तिच्या खालचा भाग स्क्रिप्टने सोडून द्यावा? तुम्ही काय करता?