लग्नाची कामं घ्यायची आहेत. मांडवातला प्रकाश कसा शिकू?

कापूसपट्टा_कॅमेरा (वणी तालुका, यवतमाळ)
कॅनन १५००डी आणि सोबत आलेली १८-५५ लेन्स आहे. साक्षगंध, बारसं, हळद असे फोटो काढतो. उन्हाळ्यात लग्नाची कामं स्वतंत्रपणे घ्यायची आहेत. दुपारच्या मांडवात चेहरे लालभडक येतात, रात्रीचे फोटो हलतात, कधी आडवे काळपट पट्टे दिसतात. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरची) बॉडी घेऊ का? आधी काय शिकू?

रॉ_फाइल (अमरावती)
भाऊ, बॉडी राहू द्या. तिन्ही अडचणी प्रकाशाच्या आहेत, महागड्या कॅमेऱ्यातही त्या येतील.

मांडवाचं कापड लाल-पिवळं, ऊन त्यातून गाळून चेहऱ्यावर पडतं. ग्रे कार्ड (राखाडी रंगाचं पुठ्ठ्याचं कार्ड) नवरीच्या चेहऱ्याजवळ धरून कस्टम व्हाइट बॅलन्स घ्या, म्हणजे त्या प्रकाशात पांढरं पांढरंच दिसेल, आणि रॉमध्येच (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) काढा. तरी एक मर्यादा आहे. कडेनं मोकळं ऊन येत असेल तर चेहऱ्याच्या दोन बाजू दोन रंगांच्या होतात, मग एकच व्हाइट बॅलन्स दोन्हींना लागू पडत नाही. म्हणून जोडीचे फोटो मांडवाच्या कडेला, सावलीत, तोंड मोकळ्या बाजूला करून काढा. हळदीला ऑटो व्हाइट बॅलन्स नको. समोर सगळं पिवळं दिसलं की कॅमेरा निळा वाढवतो आणि हळदीची झळाळी जाते. उन्हात व्हाइट बॅलन्स ५२०० ते ५५०० केल्विनवर (प्रकाशाच्या रंगाचं माप) पक्का ठेवा.

लाल शालूसाठी आरजीबी हिस्टोग्राम पाहा, म्हणजे लाल, हिरवा, निळा या प्रत्येक रंगाच्या उजेडाचा आलेख. एकूण एक्सपोजर ठीक दिसतं, पण लाल चॅनल उजव्या कडेला आदळलेला असतो आणि जरीचं काम सपाट होतं. एक्सपोजर अर्धा-पाऊण स्टॉप कमी करा (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा).

पट्टे एलईडीचे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेचसे दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवलं की पट्टे जातात. सजावटीच्या स्वस्त माळांना मात्र हा हिशोब लागू पडेलच असं नाही. पाहुणे येण्याआधी चाचणीचे फोटो काढून पाहा.

स्टेजच्या_डावीकडून (पांढरकवडा)
रात्रीसाठी ५० मिमी एफ १.८ लेन्स घ्या (एफचा आकडा लहान तितका प्रकाश जास्त). तुमची लेन्स ५५ वर एफ ५.६ देते, ही त्याच्या जवळजवळ दहापट प्रकाश देते. १५००डीचा सेन्सर लहान, म्हणून त्यावर ती फुल फ्रेमवरच्या ८० मिमीसारखी दिसते: चेहऱ्याला उत्तम, पण छोट्या स्टेजवर सोयऱ्यांचा ग्रुप मावत नाही. ग्रुपला १८-५५ आणि फ्लॅश.

फ्लॅश विकत घेण्याआधी आपल्याच कॅमेऱ्यावर लावून पाहा. १५००डीच्या काही बॉडींच्या हॉट शूला (वरची फ्लॅश लावायची खाच) मधला पॉइंटच नाही, त्यावर साधे फ्लॅश पेटत नाहीत. आणि फ्लॅश छताकडे वळवू नका, कारण छत म्हणजे रंगीत कापड, तोच रंग खाली येतो. मदतनीसाच्या हातात थर्माकोलचा पांढरा शीट द्या आणि फ्लॅश त्यावर मारा.

अंतरपाट खाली येतो तेव्हा दोघांच्या मधल्या रेषेवर, बाजूला उभे राहा; दोन्ही चेहरे तिथूनच मिळतात. जागा आधी भटजींना आणि व्हिडिओवाल्याला सांगून ठेवा. फ्लॅशसोबत शटर १/२०० च्या वर नेलं तर फ्रेमचा एक भाग काळा येतो.

कापूसपट्टा_कॅमेरा
धन्यवाद जी. लग्न नसेल तेव्हा सराव कसा करू?

रॉ_फाइल
घराच्या दारात कुणाला तरी बसवा. मॅन्युअल मोड, एफ ५.६, आयएसओ ४००. सकाळी, दुपारी, सांजेला तोच चेहरा तीन अंतरांवर काढा: उंबऱ्यावर, तीन फूट आत, सहा फूट आत. दर वेळी फक्त शटर बदला आणि आकडा वहीत लिहा. आत सरकलं की प्रकाश किती झपाट्यानं कमी होतो ते कळेल. मग कॅमेऱ्यातलं प्रकाश मोजणारं मीटर न पाहता शटर सांगून पाहा. अंदाज एका स्टॉपच्या आत येऊ लागला की मांडवात हात अडत नाही.

अल्बमवाला (वर्धा)
यात कार्डाची गोष्ट राहिली. तुमच्या कॅमेऱ्यात कार्डाची जागा एकच. एका मोठ्या कार्डाऐवजी ३२ जीबीची चार ठेवा. हळद, लग्न, वरात वेगवेगळ्या कार्डांवर. त्याच रात्री दोन हार्ड डिस्कवर कॉपी, आणि अल्बम हाती पडेपर्यंत त्यातली एक दुसऱ्या घरी. लाइट जाते म्हणून कॉपी लॅपटॉपच्या बॅटरीवर करा. अर्धवट कॉपी झालेली फाइल वरून धड दिसते आणि उघडताना अडते.

स्क्रीन पूर्ण तेज ठेवून एडिट केलं की प्रिंट काळे येतात. तेज निम्म्यावर आणा, आधी लॅबकडून ४-५ चाचणी प्रिंट मागवा आणि जुळवा. १२ बाय ३६ इंचांच्या शीटला ३०० डीपीआयनं (इंचाला ३०० ठिपके) १०८०० बाय ३६०० पिक्सेल लागतात. फाइल एसआरजीबी या रंगप्रकारात, आणि मधल्या घडीवर कुणाचाही चेहरा नको.